ताण मोजणारा पट्टा: जळगावच्या उन्हात पाच महिने

माझा मुलगा ११ वर्षांचा, स्वमग्न. बोलतो मोजकंच. त्याच्या हातावरचा हा पट्टा हृदयाचे ठोके आणि घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजून ताणाचा अंदाज बांधतो आणि ताण वाढतोय असं वाटलं की माझ्या फोनवर इशारा देतो.

जानेवारीत वरातीचा डीजे अजून कोपऱ्यावर होता, तोच माझा फोन थरथरला. पाहिलं तर पोरगं शर्टाची कड पिळत होतं. लगेच मागच्या गल्लीत नेलं, हात धरून उभी राहिले. त्या एका संध्याकाळीच पैसे वसूल झाले.

मे महिन्यात मात्र पारा ४४ वर गेला आणि घाम उन्हाचा की भीतीचा, हे पट्ट्याला कळेना. केळीच्या बागेत पोर खुशीत नाचत होतं, तरी इशारा आलाच. त्यामुळे आधी चेहरा बघते, मग फोन.

रबरी पट्टी टोचायची. कापडी लावल्यापासून तो हात झटकत नाही.