चार बाय सहा इंचांचा थर्मल लेबल प्रिंटर: घरच्या ऑनलाइन धंद्याला परवडतो कधी?

नोकरी सांभाळून संध्याकाळी चार-पाच पार्सलं पाठवणाऱ्याला हे यंत्र नको. साध्या प्रिंटरवर ए-फोर कागद छापा, कात्रीने कापा, टेपने चिकटवा, भागतं. रोजच्या ऑर्डरी पंधरा-वीसच्या घरात गेल्या आणि मेतकूट, भाजणी, जीरावण यांवरच घर चालवायचा विचार पक्का होऊ लागला, की मग गणित बदलतं. कापाकापीत एका पार्सलामागे दीड-दोन मिनिटं जातात. वीस पार्सलांची झाली चाळीस, तीही कुरिअरवाला दारात यायच्या आधीची, ऐन घाईची. शाईऐवजी उष्णतेने थेट चिकट लेबलावर छापणारा थर्मल प्रिंटर हे काम पाच-दहा मिनिटांत उरकतो.

इंदूरच्या बाजारात आणि ऑनलाइनही चांगलं मॉडेल साधारण सहा ते बारा हजारांत मिळतं. आठ हजारांचं धरा. रोज अर्धा तास वाचला तर महिन्याच्या २५ दिवसांत साडेबारा तास होतात. आपल्या तासाला शंभरच रुपये लावले तरी साडेसहा महिन्यांत यंत्राचे पैसे फिटतात. रोज पाचच ऑर्डरी असतील तर त्यालाच दोन वर्षं लागतील. शाई-टोनर लागत नाही हे खरं, पण लेबलं लागतात. त्यामुळे 'चालवायला फुकट' या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

छपाई २०३ डीपीआयची, म्हणजे मिलिमीटरला आठ ठिपके. कुरिअरच्या बारकोडला ती पुरते. ३०० डीपीआयला जादा पैसे घालू नका. घोळ होतो तो सेटिंगमध्ये. कागदाचा आकार १०० × १५० मिमी (म्हणजेच चार बाय सहा इंच) ठेवा आणि स्केल १०० टक्के. 'फिट टू पेज' चालू राहिलं की ए-फोरचं अख्खं पान आक्रसून लेबलावर येतं, बारकोडच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि स्कॅनर तो वाचत नाही. सेलर पॅनेलमध्ये (ज्या साइटवर विकता तिथल्या विक्रेत्याच्या पानावर) लेबलाचा आकार निवडता येत असेल तर तिथेच चार बाय सहा करून टाका. नसेल तर पीडीएफ आधी क्रॉप करावी लागते.

नवा गठ्ठा घातला की दोन लेबलांमधली फट यंत्राला ओळखू द्यावी लागते. बहुतेक मॉडेलांत फीडचं बटण दाबून धरलं की ते दोन-तीन लेबलं पुढे सारून माप घेतं. हे टाळलं तर अर्धा पत्ता एका लेबलावर, अर्धा दुसऱ्यावर. लेबल कोरंच बाहेर आलं तर ते उलटं घातलंय: नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू. आणि यूएसबीची वायर रोज त्याच पोर्टात लावा. पोर्ट बदललं की विंडोज 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर तयार करतं आणि छपाई जुन्यावर अडकून पडते. ब्लूटूथवाली मॉडेलं मोबाइलवरून छापायला बरी, पण रोजच्या वीस-पंचवीस लेबलांना वायरच भरवशाची.

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. या यंत्राचा शत्रू स्वयंपाकघर आहे. तिखट-हळदीची पूड हेडवर, म्हणजे तापून ठिपके उमटवणाऱ्या पट्टीवर, बसली की छपाईत एक पांढरी उभी रेघ येते. बारकोडच्या पट्ट्या कागद सरकतो त्याच दिशेने उभ्या असतील तर ती रेघ अख्खी पट्टी खाऊन टाकते आणि कोड मरतो. पट्ट्या आडव्या असतील तर बहुतेक वेळा वाचला जातो. यंत्र बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. चाकू-सुरीने खरवडायचं नाही. पुसूनही रेघ राहिली तर हेडमधला ठिपका गेला समजा, आणि हेड बदलायचा खर्च अंगावर येणारा असतो. यंत्र पॅकिंगच्या टेबलावर ठेवा, चुलीजवळ नको.

तेल हा दुसरा वैरी. शेवेच्या हातांनी लेबल धरलं की अक्षरं फिकी पडतात. साधं लेबल उष्णतेने काळवंडतं, उन्हाने उडतं. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं पार्सल आठवा. किंचित महाग पडली तरी वरून कोटिंग असलेली लेबलं घ्या. याच कारणाने पाकिटावरची निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय (खाद्यपरवाना) क्रमांकाची चिठ्ठी या प्रिंटरवर छापू नये. पार्सलाचं लेबल आठवडाभर टिकलं तरी पुरे, पाकिटावरचं महिनोन्‌महिने वाचता आलं पाहिजे. त्याला शाईच्या रिबनवाला प्रिंटर किंवा छापखाना.

यंत्राला जमत नाही ते वजनाचं भाडं वाचवणं. चिवड्याचा एक किलोचा खोका ३० × २५ × १५ सेंमी असेल तर ११,२५० भागिले ५,००० म्हणजे कुरिअरकडे सव्वादोन किलो आकारमानी (खोक्याच्या मापावरून काढलेलं) वजन धरलं जातं. माल एक किलोचा, भाडं अडीच किलोच्या टप्प्याचं. खोका बदलून जे वाचतं ते प्रिंटरने वाचत नाही. ४८० ग्रॅमच्या पाकिटाला ३५ ग्रॅमचं पॅकिंग लागलं की अर्ध्या किलोचा टप्पाही ओलांडला जातो. तेव्हा आधी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि काट्यावरच्या पार्सलाचा लेबलासकट फोटो ठेवा. वजनावरून वाद झाला तर तोच पुरावा. घेतलंच नाही म्हणून परत येणारं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलही प्रिंटर थांबवू शकत नाही, आणि परत आलेला चिवडा पुन्हा विकता येत नाही.

मध्य प्रदेशाबाहेर माल पाठवणार असाल तर जीएसटी नोंदणी पहिल्या ऑर्डरपासूनच लागते. मग प्रिंटरचं बिलही जीएसटी क्रमांकावर घ्या, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

खरेदी शक्यतो समोरासमोर. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधल्या संगणकवाल्यांकडे आपलंच एक खरं लेबल पेन ड्राइव्हवर घेऊन जा, सलग दहा प्रती काढायला लावा, आणि पहिल्या व दहाव्या प्रतीचा बारकोड मोबाइलने वाचून बघा. हेडची वॉरंटी यंत्रापेक्षा कमी असू शकते; ती किती आहे हे बिलावर लिहून घ्या.