सोनी डब्ल्यूएम-डी६सी जुना घेताना काय पाहाल

१९८४ साली आलेला सोनीचा हा ‘वॉकमन प्रोफेशनल’, म्हणजे रेकॉर्डही करणारा छोटा कॅसेट-प्लेअर, खिशात सहज मावत नाही, पण खांद्याच्या पिशवीत पडला तर जाणवतही नाही. टेपची गती घड्याळातल्यासारख्या क्वार्ट्झच्या स्फटिकाने बांधलेली असल्यामुळे सेल उतरत आले तरी सूर ढळत नाही. रेडिओचे बातमीदार आणि लोकसंगीत टिपत फिरणारे त्याला धरून राहिले ते याच गुणासाठी. आवाजाच्या बाबतीत आजही त्याला नाव ठेवायला जागा नाही. जागा आहे ती म्हाताऱ्या प्लॅस्टिकला आणि रबराला.

सगळ्यात आधी मधला गिअर बघा. हे छोटे प्लॅस्टिकचे चाक वर्षांनुवर्षे धातूच्या दांड्यावर घट्ट बसून राहते आणि शेवटी तडकते. तडा गेला की दोन दात फाकतात आणि दर फेऱ्याला ‘टक’ असा ठोका येतो. विकणारा म्हणतो, “कॅसेट खराब असेल.” दुसरी कॅसेट घाला, तोच ठोका आला तर गिअर गेला. नवा गिअर मिळतो, पण तो बसवणारा हात सापडणे अवघड, म्हणून किमतीतून तेवढे आधीच वजा करा. रबरी पट्टा सैल पडला की कॅसेट नीट गुंडाळली जात नाही आणि पिंच रोलरभोवती (टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या रबरी चाकाभोवती) टेपचा गुंता होतो.

गती तपासायला ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली चाचणी कॅसेट उत्तम. ती नसेल तर तंबोऱ्याचे रेकॉर्डिंग लावा. लांबलेल्या षड्जात जरासा हेलकावाही लपत नाही. मात्र ‘स्पीड ट्यून’ (गती हाताने कमी-जास्त करण्याची सोय) बंद असल्याची खात्री करून मगच निकाल द्या. डाव्या-उजव्यापैकी एका कानाचा आवाज दबलेला वाटला तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा भाग) पुसा. तरीही फरक पडला नाही तर आतले कपॅसिटर (सर्किटमधले विद्युतभार साठवणारे भाग) गळत असण्याची शक्यता धरा.

रेकॉर्डिंगला आवाज आपोआप सांभाळणारी सोय नाही, पातळी हातानेच लावायची. माइकची पिन ३.५ मिमीची, फँटम पॉवर (यंत्राने माइकला पुरवायची वीज) नाही. म्हणून डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारा) किंवा स्वतःचा सेल असलेला माइक वापरा. एक्सएलआर (तीन पिनांच्या व्यावसायिक जोडणीच्या) माइकला जोडणी वेगळी लागते, आणि ती बहुधा ऐन वेळी निखळते. रेकॉर्ड करणारे आणि वाजवणारे हेड एकच. म्हणजे हेडफोनमध्ये ऐकू येतो तो आत शिरणारा आवाज, टेपवर उतरलेला नव्हे. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, मागे घेऊन ऐकल्याशिवाय मुलाखत सुरू करू नका.

कॅसेट ९० मिनिटांची पुरे. १२० मिनिटांची टेप पातळ असल्याने ताणते, अडकते. डॉल्बी सी (टेपची खरखर कमी करणारी सोय) मोहात पाडते, पण तिच्यासह भरलेली कॅसेट दुसऱ्या यंत्रावर, हेडचा कोन जरासा वेगळा असला, तरी घोगरी वाजते. कॅसेट इतरांकडे जाणार असेल तर डॉल्बी बी लावा किंवा सरळ बंद ठेवा.

चार पेन्सिल सेल लागतात. काम झाले की काढून ठेवा. गळलेल्या सेलने स्प्रिंग गंजलेली यंत्रे बाजारात पुष्कळ दिसतात. दोन्ही चॅनेलची पातळी वेगवेगळी लावायची असेल, लिमिटर (एकदम वाढलेला आवाज आवरणारी सोय) आणि काट्याचे मीटर हवे असतील, तर सोनीचाच मोठा रेकॉर्डर टीसी-डी५एम घ्या. तो दीड किलोच्या वर भरतो, पण टेबलावर बसून काम करणाऱ्याला त्याचे काय!