महसूल कर्मचाऱ्यांसाठीचा युनिकोड मराठी वर्ग : एक परीक्षण

मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका खासगी संगणक संस्थेने महसूल कर्मचाऱ्यांसाठी युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरसंकेत पद्धत) मराठीचा वर्ग घेतला. जुनी यंत्रणा सांभाळत नवे काम कसे करावे, हे इतक्या नेमकेपणाने शिकवणारा दुसरा वर्ग माझ्या पाहण्यात नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी एमएस-सीआयटी केलेली असल्यामुळे संगणक हाताळता येत नाही, असा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की, आजची टिपणी युनिकोडमध्ये लिहायची आणि तिला ज्या जुन्या आदेशाचा आधार द्यायचा तो मात्र श्रीलिपी, शिवाजी किंवा सुरेख अशा एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला असतो.

प्रशिक्षकांनी तयार नमुने न वापरता आमच्याच कार्यालयातील जुन्या फाइली मागवल्या, ही या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल निरर्थक दिसते आणि खातेदाराचे नाव टाकून शोधले तरी सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा असल्याने ही अडचण उरत नाही. मात्र जुना मजकूर रूपांतरित करताना चुका नेमक्या कोठे होतात, हे त्यांनी पडद्यावर एकेक ओळ घेऊन दाखवले. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या उलट. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने हा क्रम चुकवला, तर नावे विद्रूप होतात आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचे ‘शेतकर्यांना’ होते. गट क्रमांक व क्षेत्र यांचे आकडे सही झालेल्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय रूपांतरित प्रत पुढे पाठवू नये आणि मूळ फाइल कधीही पुसू नये, असा त्यांचा आग्रह होता. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाच्या, प्रकरणात एका आकड्याने काय होते, हे आम्हाला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली; त्यामुळे जुन्या संचिका शोधताना दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो, ही साधी पण कामाची सूचनाही तेथेच मिळाली. जुन्या संगणकांविषयीचा सल्लाही तितकाच व्यवहार्य होता. विंडोज ७ ला सुरक्षा अद्यतने मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे यंत्र मिळेपर्यंत असा जुना संगणक नेटवर्कपासून तोडून फक्त जुन्या फॉन्टमधील फाइली वाचण्यासाठी ठेवावा, असे त्यांनी सुचवले.

युनिकोड मराठी टंकण्यासाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाचा भाग मात्र घाईत उरकला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला ही त्याची रचना तर्कशुद्ध आहे. परंतु ज्यांची बोटे वर्षानुवर्षे टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बसलेली आहेत, त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सराव हवा होता आणि तो मिळाला नाही. माझ्या मते ही गंभीर उणीव आहे, कारण जुन्या संचिकांची खरी जाण याच मंडळींना असते. निजामकाळातील उर्दू महसुली नोंदी आणि मोडीतील कागद वर्गाच्या कक्षेबाहेर राहिले. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून या अभिलेखांचे महत्त्व सर्वांनाच कळले आहे. म्हणून त्यांचे स्कॅनिंग आणि सूचीकरण यांवर संस्थेने पुढील वर्गात एक पूर्ण सत्र ठेवावे.

नाव नोंदवणाऱ्यांनी कार्यालयप्रमुखांच्या परवानगीने जुन्या फाइलींच्या प्रती आणि त्यांच्या छापील, सही असलेल्या प्रती अशी जोडी सोबत न्यावी. छापील प्रत समोर असेल तरच रूपांतरातील चुका पकडता येतात.