टॅरंटुलाचं स्टार्टर किट : झिपरीला पाच स्टार, किटला दीड

मार्चमध्ये घेतलेलं किट, आता गणपती होऊन गेले, म्हणजे सहा महिने वापरून लिहितेय. त्यामुळे "कालच आलं, पॅकिंग छान" टाइपचा रिव्ह्यू नाहीये हा. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तिथल्या पोराकडे माझं अजून जाणंयेणं आहे, आणि असंच किट नंतर पुण्यात अजून दोन ठिकाणी बघितलं, म्हणजे दुखणं त्या एका दुकानाचं नाही.

घेतलं काय, तर कर्ली हेअर टॅरंटुलाचं पिल्लू, ज्याला सगळे स्लिंग म्हणतात, पाय धरून जेमतेम दीड सेंटिमीटर. मूळचा होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिकाकडचा कोळी. मोठा झाला की अंगावर लांब कुरळे केस येतात म्हणून हे नाव. सासूबाईंनी पहिल्या दिवशी "कोळी काय विकत आणतात का गं, माळ्यावर फुकट आहेत" असं ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिचं नाव झिपरी ठेवलं. स्लिंगचे पंधराशे, आणि "बिगिनरला लागतं ते सगळं यात आहे मॅडम" म्हणून गळ्यात मारलेल्या किटचे अठ्ठावीसशे.

आता किटमध्ये काय काय होतं ते बघा. एक फूटभर उंच अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीऐवजी) वीट, हीट मॅट, पाण्याची वाटी आणि तिच्यात ठेवायला स्पंज, गोल काट्याचा ह्युमिडिटी मीटर, चिमटा, स्प्रेची बाटली आणि एक प्लास्टिकची कवटी. हो, कवटी. कशाला तर लपायला. झिपरी तिच्या डोळ्याच्या खोबणीत चार वेळा मावली असती.

बॉक्सपासूनच सुरुवात करते कारण पहिला घोळ तिथे झाला. दीड सेंटिमीटरचा जीव एवढ्या मोठ्या बॉक्समध्ये सोडला तर तो दिसतच नाही, आणि तुम्ही टाकलेलं खाणं त्याला सापडत नाही. पाच दिवस मी टॉर्च घेऊन शोधत होते, शेवटी सापडली तर झाकणाच्या कोपऱ्यात उलटी लटकलेली. हा जमिनीवर राहणारा, बीळ करणारा कोळी आहे, झाडावरचा नाही, आणि याला उंची म्हणजे धोका. वरून पडला तर मागचा पोटाचा गोळा फुटतो आणि फुटला की संपलं. मोठ्या टॅरंटुलाला पण मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या साधारण दीडपटच ठेवायचं असतं. मग मी सरळ लोणच्याची एक छोटी पारदर्शक डबी घेतली, दाभण गॅसवर तापवून बाजूने आणि झाकणाला भोकं पाडली (भोक तिच्या डोक्याच्या भागापेक्षा बारीक हवं, नाहीतर ही पिल्लं कुठूनही निसटतात), अर्ध्याच्या वर कोकोपीट दाबून भरलं आणि पेन्सिलीने कडेला एक खड्डा करून दिला. दोन दिवसांत तिने त्या खड्ड्याचं बीळ केलं, तेही डबीच्या भिंतीला लागून, म्हणजे मला बाहेरून आतलं सगळं दिसतं. डबीचा खर्च शून्य.

हीट मॅटचं तर काय सांगू. पुण्यात, एप्रिलमध्ये, जेव्हा माणसंच ओल्या चादरी टांगून झोपतात, तेव्हा कोळ्याला गरम करायला मॅट! बरं ती डबीच्या खाली लावायची म्हणे. अरे, कोळ्याला गरम झालं की तो खाली जातो, गारव्याला, आणि खाली तुम्ही तवा ठेवलाय. आपल्या घरात साधारण वीस ते तीस डिग्री असतंच, तेवढ्यात हे मजेत राहतात, थंडीत थोडं हळू खातात आणि हळू वाढतात इतकंच. ती मॅट आता डिसेंबरात दह्याच्या पातेल्याखाली जाणार आहे, विरजण लागत नाही म्हणून दरवर्षी रडारड असते, सासूबाईंनी आत्ताच बुक करून ठेवलीये.

स्पंज फेकून द्या. तो ओला राहून कुजतो आणि कोळी काही स्पंज चोखत बसत नाही, उघडं पाणी पितो. पिल्लाला बाटलीच्या बुचापेक्षाही छोटं काहीतरी ठेवा, नाहीतर भिंतीवर दोन थेंब उडवा आणि मातीचा एक कोपरा ओलसर ठेवा, बास. ह्युमिडिटी मीटर बघून "ऐंशी टक्के पाहिजे" असं त्या पोराने बजावलं होतं म्हणून मी जूनमध्ये रोज स्प्रे मारत बसले आणि जुलैत पूर्ण कोकोपीटवर पांढरी बुरशी. पावसाळ्यात पुण्यात आपले चपला-बेल्ट बुरसतात, तिथे अजून पाणी कशाला मारायचं! सगळं काढलं, नवीन माती, स्प्रे बंद. कोंदट ओलाव्याने पिल्लं मरतात. मीटरची गंमत म्हणजे तो दिवाणखान्यातही ऐंशी दाखवतो आणि फ्रीजमध्ये ठेवला तरी ऐंशी.

चिमटा मात्र मस्त आहे. लांब, टोकाला बारीक, रोजचा वापर आहे त्याचा. किटला दीड स्टार दिलेत त्यातला एक पूर्ण चिमट्याचा.

खाणं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुकानात मीलवर्म नावाच्या जिवंत अळ्या मिळतात, छोट्या डबीचे साठ रुपये. त्यांनी सांगितलं की अख्खा जिवंत सोडा. सोडू नका. तो मातीत घुसतो, तिथे त्याचा भुंगेरा होतो, आणि कोळी कात टाकत असताना त्यालाच कुरतडू शकतो. मी अळीचं डोकं चिमट्याने दाबून, झिपरीच्या पोटापेक्षा छोटा तुकडा करून बिळाच्या तोंडाशी ठेवते, रात्री दिवा बंद केला की तो आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं काढून टाकायचं, त्यात कंटाळा केला आणि एकदा लाल मुंग्यांची रांग थेट डबीपर्यंत आली होती. त्यावर उपाय सासूबाईंचाच, पूर्वी त्यांच्याकडे लाडवांचा डबा ठेवायचे तसा, परातीत पाणी, मध्ये उपडी वाटी, वाटीवर डबी. मुंगी परत फिरकली नाही. मुंग्यांची पावडर, मच्छरांचं लिक्विड, यातलं काहीच त्या खोलीत वापरायचं नाही. मे महिन्यात सोसायटीचं पेस्ट कंट्रोल होतं तेव्हा मी झिपरीला टिश्यू भरून डब्यात घालून स्कूटरवरून नारायण पेठेत माहेरी नेऊन ठेवलं चार दिवस, आईला सांगितलं बी रुजत घातलंय, उघडू नकोस. उघडलंच तिने. जाऊ दे तो विषय.

आता मोल्ट, म्हणजे कात टाकणं. एप्रिलच्या शेवटी झिपरीने खाणं सोडलं, पोट काळपट आणि चकचकीत झालं आणि एक दिवस बिळाचं तोंड मातीने आणि जाळ्याने बंद. आठ दिवस, दहा दिवस, मी वेडी झाले. दुकानात फोन केला तर पोरगा म्हणतो, "उकरून बघा मॅडम, गेली असेल, दुसरी देतो डिस्काउंटमध्ये." मी चमचा घेऊन बसलेच होते, तर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं डोकावतात का गं? ठेव तो चमचा." ठेवला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी एक चोळामोळा झालेलं काहीतरी पडलेलं, आठ पाय, माझ्या पोटात गोळाच आला. मोबाइलने झूम करून बघितलं तर डोक्याकडचा भाग डबीचं झाकण उघडावं तसा उघडा, पाय आतून पोकळ, आणि इवलेसे दोन सुळे पण त्या कातीलाच लागून आलेले. दाताची पण कात निघते! खाली बिळात झिपरी बसलेली, फिक्कट आणि आधीपेक्षा चांगलीच मोठी. मोल्टनंतर सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे होतात, काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही. मी आठवडाभर थांबले.

जुलैत दुसऱ्या मोल्टला ती भिंतीलगतच चक्क पाठीवर झोपलेली दिसली. खूप लोक इथेच मेली समजून फेकून देतात किंवा सरळ करायला जातात. पाठीवर असेल तर हातही लावू नका, ती कामात आहे. मरायला टेकलेला कोळी सहसा पाय पोटाखाली मुठीसारखे दुमडून बसतो, कारण पाय लांब करायला त्याला शरीरातल्या द्रवाचं प्रेशर लागतं, आणि ते गेलं की पाय आपोआप मिटतात. एवढी एक गोष्ट किटमधल्या कागदावर छापली असती तरी अजून एक स्टार दिला असता. कागदावर काय आहे तर "हँडल विथ लव्ह" आणि हार्ट. हातात घ्यायचीच नसते हो ती! पिल्लू विजेसारखं पळतं आणि हातावरून पडलं तर वर सांगितलंच काय होतं ते.

दुकानाबद्दल माझा सगळ्यात मोठा राग मात्र किटचा नाही, कागदपत्रांचा आहे. ही जात आधी ब्रॅकिपेल्मा नावाखाली होती, आता ट्लिल्टोकॅटल म्हणतात, आणि सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची. त्यासाठी कुठून घेतली याचा कागद नको? मी पक्कं बिल मागितलं तर वहीच्या पानावर "१ पेट" लिहून दिलं, वर "कोळ्याला कोण विचारतंय मॅडम". तीन चकरा मारून, काउंटरवर उभं राहून, शेवटी जातीच्या नावासकट बिल काढून घेतलं. आणि त्या पोराचं हळूच "देशी पण मिळेल, सह्याद्रीतला, झाडावरचा, एकदम डिझायनर" असंही विचारून झालं. तो म्हणजे पोइसिलोथेरिया, २०१९ पासून तोही सायटिसमध्ये, आपल्याच घाटातल्या झाडांच्या ढोलीत राहणारा, चावला तर बरेच दिवस स्नायू आखडतात. मी तिथेच चार गोष्टी सुनावल्या.

आता झिपरी अडीच सेंटिमीटरची आहे. ती आहे की तो हे अजून कळलेलं नाही, मोठी झाल्यावर टाकलेल्या कातीच्या आतल्या बाजूवरून कळतं. मादी निघाली तर वीसेक वर्षं, नर असेल तर त्याच्या कितीतरी कमी. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी गेल्यावर पण ही इथेच." विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशात खिडकीची काच थरथरत होती, तेव्हा त्यांनीच डबी आतल्या खोलीत नेऊन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवली होती.

किट परत घ्या म्हणून गेले तर भिंतीवरची पाटी दाखवली, "उघडलेला माल परत अथवा बदलून मिळणार नाही". अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स आता कपाटावर आहे, अजून दोनेक वर्षांनी लागेल, पण तेव्हाही उभा नाही, आडवा करून. कवटी त्यातच आहे.