वारा मोजायचं मशीन: येळ्ळूरच्या माळावर तीन महिने वापरून बघितलं

हातात धरायचं अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे वर छोटा पंखा आणि खाली स्क्रीन असलेलं वारा मोजायचं मशीन, ऑनलाईन मागवलं त्याला तीन महिने झाले. दीड हजाराच्या आतलं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल चार वेगवेगळ्या नावांनी विकालेत. घ्यावं का, तर घ्या, पण ते नेमकं काय सांगतंय ते आधी समजून घ्या.

मला हे कशाला लागलं ते सांगतो. खानापूरकडं आमच्या आज्ज्याच्या घरी पीकरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. तिच्यामुळं लहानपणापासून तोंडाकडनं भरायच्या बंदुकांचं वेड लागलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की असल्याच पद्धतीनं भरायच्या, पण आतनं आटे पाडलेल्या रायफलींनी, साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरून लोक १००० यार्डांवरचं टार्गेट मारायचे आणि अजूनही मारतात. १८७४ साली २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिकेची मॅच झाली, आयरिश टीमकडं तोंडाकडनं भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकेकडं मागनं भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आणि आयर्लंडच्या एका शूटरची गोळी चुकून शेजारच्या टार्गेटवर बसली, तिचा शून्य धरला. मधल्या निशाणाला तेव्हा ४ गुण होते. तीन गुणांनी गेलेली मॅच! मला अजून हळहळ वाटते.

तर ते सगळं आपल्याला इथं करता येण्यासारखं नाही. माझ्याकडं ४.५ मिलिमीटरची एअर रायफल आहे, मामांच्या शेतात मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढं टार्गेट लावून ५० मीटरवर मारतो. पण वाऱ्याचं गणित तेच आहे, फक्त लहान होऊन आलंय. शिशाची जड गोळी १००० यार्डांवर वाऱ्यानं हलते तसा हा हलका पेलेट ५० मीटरवरच हलतो, म्हणून शिकायला फार चांगलं.

मशीनबद्दल. किलोमीटर, नॉट, मीटर प्रतिसेकंद सगळं दाखवतं, सरासरी आणि जास्तीत जास्त पण दाखवतं, सरासरीचं बटण सगळ्यात कामाचं. स्क्रीन उन्हात वाचता येते. वाईट गोष्ट म्हणजे अगदी मंद वाऱ्यात पंखा फिरतच नाही, आकडा शून्य, आणि गालाला वारा लागत असतो. पेलेट तेवढ्यानं पण सरकतो. दुसरं म्हणजे पंखा बरोबर वाऱ्याकडं तोंड करून धरला नाही तर कमी दाखवतं, मी सुरुवातीला टार्गेटकडं तोंड करून धरायचो आणि मग आकड्यांचा मेळच बसायचा नाही. वाऱ्याकडं धरायचं, पूर्ण वेग घ्यायचा आणि मग तिरपा किती ते आपण काढायचं. टार्गेट घड्याळात १२ वर आहे असं समजा. ३ किंवा ९ कडनं येणारा वारा पूर्ण धरायचा, १ कडनं आला तर निम्मा.

आता आकड्याचं काय करायचं? वारा गोळीला किती सरकवतो ते गोळी किती वेळ हवेत होती यावर नाही, तर हवेमुळं ती किती मागं पडली यावर आहे. हवा नसती तर लागला असता तो वेळ आणि खरा लागलेला वेळ, यातला फरक काढायचा, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणायचं. माझ्या पेलेटला ५० मीटरवर हा फरक अंदाजे ०.०४ सेकंद धरतो. वारा ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.२ मीटर. गुणाकार करा, जवळजवळ ९ सेंटीमीटर. आणि खरंच, मार्चात दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा सुटला की माझे पेलेट चार बोटं, कधी पाच बोटं उजवीकडं जातात. पहिल्यांदा कागदावर हे जुळलेलं बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण रोज जुळत नव्हतं. मामा मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, बांधावर बसून बघत होते. मी म्हटलं, "मामा, बघा की, आठ दाखवालंय आणि पेलेट सरळ जाऊलाय." तर म्हणाले, "अरे, ते तुझ्या हातातला वारा सांगालंय. गोळी काय तुझ्या हातात बसणार हाय? तिकडं मधल्या बांधावरचं गवत बघ की, हालतंय तरी काय?" गवत अजिबात हलत नव्हतं. मध्ये चिंचेचं झाड आणि बांधाचा आडोसा, तिथं वारा मरत होता.

त्या दिवसापासनं मशीन आणि झेंडे दोन्ही. खडे बाजारातनं लाल लोकर आणली, बांबूच्या चार काठ्यांना हातभर तुकडे बांधले, दर १० मीटरला एक काठी. मशीन पहिल्या काठीजवळ धरायचं, ८ ला लोकर किती उचलते, १२ ला किती, हे डोळ्यात बसवायचं. आता लांबची लोकर बघून मी वेग सांगतो आणि तिथं चालत जाऊन मोजलं तर एक-दोनचा फरक येतो. माझ्या मते या मशीनचा खरा उपयोग हाच, ते तुमचे डोळे तयार करतं. १००० यार्डांवर तर झेंडे पण पुरत नाहीत, कारण ती संथ जड गोळी वाटेत तीन-चार मजल्यांएवढी वर चढून मग खाली येते आणि वरचा वारा खालच्यापेक्षा वेगळा असतो. ते लोक दुर्बिणीतनं उन्हाच्या झळा कुठं झुकालेत ते पण बघतात.

केस्ट्रेलचं मशीन घ्यायची ऐपत असेल तर ते घ्या, नसेल तर हे चालतंय. पाचपैकी साडेतीन. मंद वाऱ्यात पंखा फिरला असता तर चार दिले असते. सोबत आलेली बॅटरी तीन आठवड्यांत गेली, सीआर २०३२ लागते, घड्याळवाल्याकडं मिळते. आणि दोरी मनगटात अडकवूनच वापरा, माझं एकदा दगडावर पडलं, पंख्याचं एक पातं जरासं वाकलंय आणि तेव्हापासनं मी त्याच्या आकड्यात एक मिळवून धरतो.