अर्धाच शब्द ऐकू आला की वनलुक

डॉक्टरांचं डिक्टेशन टाईप करताना गाडी बहुतेकदा पहिल्या अक्षरावरच अडते. 'टेरिजियम' (डोळ्यावर वाढणारा पडदा) ऐकू येतं, आपण शब्दकोशात 'टी'खाली शोधत बसतो आणि शब्द असतो 'पी'खाली. हा 'पी' उच्चारात नसतोच. टोसिस, सोअस यांचंही तेच. झायफॉइड तर 'एक्स'पासून सुरू होतो. छापील शब्दकोश इथे हात टेकतो. वनलुक ही फुकट वेबसाईट मात्र शब्दाच्या तुकड्यावरून अख्खा शब्द काढून देते.

तिथे * म्हणजे कितीही अक्षरं, ? म्हणजे नेमकं एक, @ म्हणजे कुठलाही स्वर ('वाय' धरून), # म्हणजे कुठलंही व्यंजन. ऐकलेलं आधी कागदावर देवनागरीत जसंच्या तसं उतरवा. खात्रीची अक्षरं ठेवा, बाकी जागी चिन्हं टाका. टेरिजियमसाठी *, टी, @, आर, @, #, @, यू, एम असं सलग टाईप करायचं. 'जी' की 'जे' हा घोळ # मुळे उरतच नाही. यादी लांबली तर पुढे : देऊन डोळ्यासाठीचा इंग्रजी शब्द जोडा. अमेरिकन डॉक्टर असतील तर आणखी एक काळजी घ्या. शब्दामधला 'ट' त्यांच्या तोंडी 'ड'कडे झुकतो, मेटाटार्सलचं 'मेडाटार्सल' होतं. अशा 'ड'साठी 'डी' दाबू नका, # च टाका.

स्पेलिंग मिळालं म्हणजे शब्द मिळाला असं मात्र नाही. इलियम दोन आहेत, उच्चार एकच, फरक फक्त शेवटच्या 'यूएम'आधीच्या अक्षराचा: 'आय'वाला कमरेचं हाड, 'ई'वाला लहान आतड्याचा शेवटचा भाग. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट असेल तर 'ई'वालाच. डिसफेजिया (गिळायला त्रास) आणि डिसफेझिया (भाषेचा त्रास) इथे संदर्भही दगा देतो, कारण स्ट्रोकच्या पेशंटला दोन्ही होऊ शकतात. तिथे पुढची-मागची वाक्यं पुन्हा ऐकण्याला पर्याय नाही.

औषधांसाठी वनलुकवर अजिबात विसंबू नका. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स फिट्सवर. ऐकायला तिन्ही जवळजवळ सारखी. औषधांच्या साइटवर डोस आणि निदान दोन्ही जुळवा. 200 मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हटलं असेल तर सेलेक्सा नाही, त्याची नेहमीची गोळी 10, 20 किंवा 40 ची.

एवढं करूनही शब्द लागला नाही तर जागा रिकामी सोडा, अंदाज टाईप करू नका. क्यूएच्या (टाईप केलेलं तपासणाऱ्या विभागाच्या) माणसाला नुसतं 'ऐकू आलं नाही' कळवून उपयोग नसतो. '02:14, टेरि-काहीतरी, डावा डोळा' एवढं लिहिलं की तो थेट तिथेच जाऊन ऐकतो.