उस्मानपुऱ्यातली बिनपाटीची मेस : पाचपैकी साडेतीन

आधी पत्ता सांगते, कारण पाटी नाही. संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात पीठगिरणीला लागून जो अरुंद जिना आहे, त्यानं वर जायचं. खाली भिंतीवर खडूनं ‘घरगुती जेवण मिळेल, फक्त मुलींसाठी’ असं लिहिलंय. पावसाळ्यात ते पुसतं आणि मेसवाले काका पुन्हा लिहितात, असं जुन्या मुली सांगतात. शेवटच्या पायरीवर डोकं वाकवा. दाराची चौकट खाली आहे. माझी उंची पाच फूट दहा इंच, त्यामुळं पहिल्या आठवड्यात दोनदा कपाळाला लागली. नंतर एके दिवशी गेले तर चौकटीला जुन्या सतरंजीची घडी खिळ्यांनी ठोकलेली. बाकीच्या मुली ती बघतात आणि काकूंना वास्तुशास्त्राचं काही विचारतात.

दोन वेळचं जेवण महिना २८०० रुपये. नाश्ता हवा असेल तर रोजचे २५ वेगळे. भाकरी-चपाती मोजत नाहीत, भाजी दोनदा वाढतात, तिसऱ्यांदा मागितली तर ‘आमटी घे’ म्हणतात. सकाळी अकरा ते दोन, रात्री सात ते नऊ. नऊ म्हणजे नऊ. त्याबद्दल पुढं लिहिते, कारण माझं सगळं भांडण त्या नऊवरच होतं.

मी इथं कशी आले ते सांगायला हवं, नाहीतर या मेसला मी एवढे गुण का देते ते कळणार नाही.

मी बास्केटबॉल खेळते. डिसेंबरपर्यंत लातूरच्या एका कॉलेजकडून खेळत होते. नाव लिहीत नाही. आमचे क्रीडा विभागाचे सर तासिका तत्त्वावर होते, दिवाळीची सुट्टी संपली आणि सर आलेच नाहीत. टीममध्ये आम्ही सातजणी होतो. एकीचं लग्न ठरलं, दोघींनी सराव सोडला. उरलो चार. बास्केटबॉलला मैदानात पाच लागतात. त्याच सुमारास एका खुल्या स्पर्धेत इथल्या कॉलेजच्या सरांनी मला बघितलं होतं. ते म्हणाले, फी माफ, होस्टेल फुकट, रोज दोन वेळा सराव. मेसचं मात्र तुझं तू बघ. मी तिसरं सेमिस्टर लातुरात संपवलं आणि मोसम अर्धा असताना चौथ्याला इकडं आले.

बोलायला सोपं आहे. लातूर येतं नांदेडच्या विद्यापीठात आणि संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ, म्हणजे नुसती टीसी पुरत नाही, विद्यापीठ बदलायचं मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. माझे पप्पा म्हणतात, त्यांच्या काळी अख्ख्या मराठवाड्याला एकच विद्यापीठ होतं, नांदेडचं १९९४ ला झालं. ‘तू तीस-पस्तीस वर्षं उशिरा जन्मलीस’ हा त्यांचा विनोद. विष्णुपुरीला, म्हणजे नांदेडच्या विद्यापीठात, जाऊन मायग्रेशनचं काम झालं, पण खरी अडचण आधीच्या कॉलेजात नो ड्यूजला, म्हणजे काही देणं बाकी नाही याच्या सह्यांना आली. लायब्ररीची सही झाली, ऑफिसची झाली, जिमखान्याची अडली. रजिस्टरला माझ्या नावावर सहा नंबरचा एक बॉल होता. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा, तेवढं त्या क्लार्कला नीट माहीत होतं. तो बॉल मी कधी घरी नेला नव्हता. तरी पप्पांनी गंजगोलाईच्या बाजारातून नवा बॉल घेऊन दिला, तेव्हा सही झाली. नवा बॉल, आणि आम्ही वर्षभर खेळलो तो टक्कल पडलेला.

इथं आल्यावर टीममधल्या एका मुलीनं मोबाइलवर अमेरिकेतल्या बातम्या दाखवल्या. तिकडं ट्रान्सफर पोर्टल असतं, २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालंय. खेळाडूचं नाव त्यात पडलं की दुसऱ्या कॉलेजांचे कोच स्वतः फोन करतात. आमचं पोर्टल म्हणजे आवक-जावकची खिडकी, जेवणाच्या सुट्टीत बंद.

आणि प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न : मधेच का? क्लार्कनं विचारलं, होस्टेलच्या रेक्टर बाईंनी विचारलं, आजीनं फोनवर तीनदा विचारलं. तिला वाटलं, काहीतरी भानगड आहे. नव्या टीममधल्या मुलींनी तोंडानं विचारलं नाही, पण पहिला आठवडा पासही दिला नाही. त्यांचं चूक नाही. त्यांच्यातल्या एकीची जागा पुढच्या वर्षी मी घेणार, हे त्यांनाही दिसतंय. या मोसमात मात्र मी नव्या जर्सीत उतरू शकत नाही, सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. सप्टेंबरात मी लातूरकडून खेळलेय. म्हणजे सराव सगळा, मॅच एकही नाही. मॅचच्या दिवशी मी स्कोअरशीट लिहिते आणि पाण्याच्या बाटल्या भरते.

आता मेसवर येते. आल्या आल्या मी एका मोठ्या मेसला पैसे भरले होते. तीही नाव न घेता. टेबलं चकचकीत, भिंतीवर मेन्यू छापलेला, पनीर आठवड्यातून दोनदा. पण लिमिटेड. चार चपात्या, पाचवीला पाच रुपये. आमचा संध्याकाळचा सराव साडेपाच ते साडेसात. शेवटची वीस मिनिटं लाइन ड्रिल : बेसलाइनपासून फ्री थ्रोच्या रेघेला हात लावून मागं, मग मधल्या रेघेला, मग पलीकडच्या. अठ्ठावीस मीटरचं मैदान, आणि शेवटची मुलगी वेळेत आली नाही की सगळ्यांना पुन्हा. त्यानंतर चार पातळ चपात्यांत काय होतं? मी रोज तीस-चाळीस रुपये वर देत होते आणि वाढणारा पोरगा प्रत्येक चपातीला काउंटरकडं बघून मोठ्यानं ‘एक एक्स्ट्रा’ ओरडायचा. सगळी मेस माझ्याकडं बघायची. तेराव्या दिवशी मी सोडली. मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, मधेच का?’ मला हसू आलं. पैसे परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलंच होतं. पावतीची मागची बाजू आता मी आधी वाचते.

काकूंकडं मला होस्टेलमधली एक मुलगी घेऊन गेली. खोलीत खाली सतरंज्या, एका भिंतीला दोन टेबलं, एका वेळी बारा जणी बसतात. मधोमध भाकऱ्यांची दुरडी, तिच्यावर ओलं फडकं. काकूंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ‘किती भाकरी?’ मी आधीच्या मेसच्या सवयीनं ‘दोन’ म्हणाले. त्यांनी मला पायापासून वर बघितलं, बघायला थोडा वेळ लागला, आणि चार वाढल्या. ज्वारीच्या, फुगलेल्या, कडा करपू न दिलेल्या. शेंगदाण्याची चटणी, येसर आमटी, कच्चा कांदा. मी ताटाकडं बघत बसले तर म्हणाल्या, ‘खाऊलालीस का नुसतं बघूलालीस?’

हे ज्यांना कळलं त्यांना कळलं. ‘खाऊलालीस, जाऊलालीस’ हे आमच्या लातूर-औशाकडचं बोलणं. इथल्या मुली ‘काय करू राहिली’ म्हणतात आणि मी तोंड उघडलं की हसतात, म्हणून पंधरा दिवस मी पुस्तकातलं मराठी बोलत होते. काकू मूळच्या औशाच्या निघाल्या. काका वाळूजच्या कंपनीतून रिटायर, बत्तीस वर्षं इथं, पण काकूंची जीभ अजून औशातच आहे. त्या रात्री मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. पाचवीला कुणी ओरडलं नाही.

जेवणाचा खरा हिशोब असा. भाकरीला पैकीच्या पैकी. आमटी चांगली, तिखट आहे, नाशिकच्या मुली रडतात. वरण पातळ. मी ते काकूंच्या तोंडावर बोललेय, त्यावर ‘पातळ नाही, हलकं आहे’ असं उत्तर मिळालं. मंगळवारी दोडका, दर मंगळवारी, देवाची आण. नाश्त्याला आठवड्यातून दोनदा सुशीला असतो, चुरमुरे भिजवून, डाळव्याचं कूट घालून, वर लिंबू. सकाळच्या सरावानंतर त्याच्यासारखं काही नाही, पण साडेआठला संपतो. अंडी या घरात चढत नाहीत. सर म्हणतात, प्रोटीन वाढव. मी होस्टेलवर चोरून किटलीत अंडी उकडते. काकूंना ते माहीत असावं, कारण जानेवारीपासून माझ्या ताटात न मागता भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी येतेय. विचारलं तर म्हणाल्या, जास्तीचे भिजले होते. रोज?

ताट आपलं आपण विसळायचं. इथंही नळाला पाणी रोज येत नाही, पिंप भरून ठेवतात. त्यात मला अडचण नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते, अर्ध्या तांब्यात ताट विसळणं आम्हाला जन्माचं आलंय. काका एकदा बाकीच्या मुलींना म्हणाले, हिच्याकडून शिका. त्यानं माझी मैत्रिणींतली किंमत दोन दिवस घसरली.

येळवस डिसेंबरच्या शेवटी आली. लातूरबाहेरच्यांना सांगते : वेळा अमावस्येला आमच्याकडं शहर रिकामं होतं. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पांडव पुजायचे, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ओळख नसलेल्या माणसालाही बोलावून जेवू घालतात. इथं तो साधा दिवस, कॉलेज चालू, सराव चालू. घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी क्रीडा संकुलाच्या बाहेर बूट घालत होते, आणि चुलत भावानं मोबाइल नेमका भज्जीच्या पातेल्यावर धरला. मी कॉल कापला. रात्री पावणेनऊला मेसवर गेले तर दुरडीशेजारी मोठं पातेलं. तूर, वाटाणा, हरभरा, गाजर, चिंच, डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी. आंबील स्टीलच्या घागरीत. बुलढाण्याची मुलगी म्हणाली, ‘हा काय घोळ केलाय?’ काकू तिला काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, ‘आंबट झालं का?’ खरं सांगायचं तर आंबील पुरेशी आंबली नव्हती, माझ्या आजीची दोन दिवस ठेवलेली असते. मी झालं म्हणाले. परीक्षणात खोटं लिहू नये, म्हणून इथं लिहिते : नव्हती झाली. भज्जी मात्र तीनदा घेतली, आणि त्या दिवशी ‘आमटी घे’ कुणी म्हणालं नाही.

आता नऊ वाजताचं भांडण. नऊला काका खालचं शटर ओढतात. जानेवारीत सरावसामने सुरू झाले, ते आठ-सव्वाआठपर्यंत चालायचे. स्कोअरशीटवर दोन्ही कोचच्या सह्या घेऊन, बॉल मोजून, सामान लावून निघायला मला सगळ्यांच्या नंतर व्हायचं. दोनदा शटर बंद मिळालं. वडापाव खाऊन झोपले. तिसऱ्या दिवशी भांडले. भांडले म्हणजे, काका पेपर वाचत होते आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले की, खेळणाऱ्या मुलींसाठी साडेनऊ करा. काका म्हणाले, ‘पण तू तर खेळत नाहीस ना सध्या?’ त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं. पण मी ताट तसंच ठेवून उठले. ही माझी चूक होती आणि भाकरी वाया गेली, तेही लिहिते.

वेळ काही बदलली नाही. अजूनही नऊच. पण सामन्याच्या दिवशी सकाळी सांगून ठेवलं तर डबा खाली पीठगिरणीवाल्याकडं मिळतो, तो दहापर्यंत असतो. डब्याला पिठाचा थर असतो, तो पुसून घ्यायचा. डब्यात भाकरी कडक होते, त्याला इलाज नाही. अर्धा स्टार त्याचा कापलाय. बाकीचा एक वरण, दोडका आणि अंड्यांचा मिळून.

खाड्याचा नियम सरळ आहे. सकाळी दहाच्या आत सांगायचं आणि सलग तीन दिवस नसाल तरच पैसे कापून मिळतात. फेब्रुवारीत टीमबरोबर चार दिवस बाहेर गेले, स्कोअरशीट घेऊन. परत आल्यावर न मागता चार दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते केलेले होते. काका वही उघडून दाखवतात. त्या वहीत मुलींची नावं नाहीत, खुणा आहेत : ‘जालना चष्मा’, ‘बीएड मोठी’, ‘बुलढाणा’. माझ्या ओळीत आधी ‘लातूर’ होतं, ते खोडून ‘बास्केट’ केलंय आणि पुढं कंसात पाच. भाकऱ्यांचा आकडा. बास्केटबॉलची पहिली बास्केट म्हणजे नेस्मिथ नावाच्या मास्तरनं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकलेली फळांची टोपलीच होती, बॉल आत गेला की शिडी लावून काढायचे. हे मी काकांना सांगितलं तर त्यांनी दुरडीकडं बघितलं आणि म्हणाले, आमची खालीच बरी.

कुणी जावं? होस्टेलवर राहणाऱ्या, भूक असलेल्या, आणि नऊच्या आत येऊ शकणाऱ्या मुलींनी. डाएटवाल्यांनी जाऊ नये, काकू तोंड वाकडं करतात. पैसे रोख किंवा काकांच्या मोबाइलवर, डिपॉझिट नाही, महिना कुठल्याही तारखेला सुरू करता येतो. मी तेरा तारखेला केला, तर माझा महिना तेराला भरतो. जूनपासून दर २०० रुपयांनी वाढणार आहे, काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय. नव्या वर्षाला चार जागा रिकाम्या होतील. मे महिन्यात मी लातूरला असेन, पण जूनचे पैसे भरून ठेवलेत, तेव्हा तुमच्यासाठी तीनच धरा.